वीजदराच्या सुनावणीतील रिकामी खुर्ची

३१ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्रातील वीजदराचा पाच वर्षांचा एक कालखंड संपला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा सुरू झाला. पाच वर्षांचा भाडेकरार संपतो तेव्हा घरमालक आणि भाडेकरू निदान समोरासमोर बसतात. नवे भाडे किती, वाढ कशासाठी, गळके छप्पर कधी दुरुस्त होणार, याची घासाघीस होते. जालना जिल्ह्यातील शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा खोली घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दारी मात्र त्या दिवशी कोणी आले नाही. त्याचा जुना दर संपला हे त्याला ठाऊक नव्हते आणि नवा कोणता लागू होणार, हेही नव्हते. बिल आले की रक्कम पाहायची, कपाळाला आठ्या घालायच्या आणि मुदतीच्या आत पैसे भरायचे, एवढाच त्याचा वीज या विषयाशी संबंध राहिला आहे.

त्या दिवसांत घडलेल्या घटनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. २८ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणचे नवे दर जाहीर केले. त्यांत कपात होती. महावितरणने हरकत घेतली आणि २ एप्रिलला या आदेशाला स्थगिती मिळाली. पुढे २५ जूनला फेरविचाराचा आदेश निघाला आणि १ जुलैपासून सुधारित दर लागू झाले. तीन महिन्यांत एकाच वस्तूची किंमत एकदा ठरली, एकदा थांबली आणि पुन्हा ठरली. किराणा दुकानदाराने साखरेच्या बाबतीत असे केले असते, तर जालन्याच्या बाजारात त्याची चर्चा आठवडाभर पुरली असती. विजेच्या बाबतीत अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या चावडीवर हा विषय कितीसा निघाला?

याचे पहिले कारण उघड आहे. ज्याला दुकान बदलता येत नाही, तो भावाची चौकशी करीनासा होतो. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत घरगुती ग्राहकाला वीज विकणारी कंपनी एकच आहे. १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ साली त्याचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या झाल्या. पाटी बदलली, दुकान तेच राहिले. तेव्हा निवड नाही म्हणून आस्था नाही, असे म्हणून हा विषय संपवता येईल. पण तो तसा संपवणे बरोबर होणार नाही.

कारण निवड असली की ग्राहक जागा होतो, हे गृहीतकही तपासून पाहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये वीज खासगी कंपन्यांकडे गेली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक घराला आपला वीजविक्रेता निवडण्याची मुभा मिळाली. ठरावीक मुदतीचा करार संपला की ग्राहकाने बाजारातील दर पाहावेत आणि स्वस्त विक्रेत्याकडे जावे, अशी ती योजना. ग्राहकाने काहीच केले नाही, तर त्याला कंपनीचा सर्वसाधारण दर आपोआप लागतो आणि तो बहुधा महाग असतो. तेथील स्पर्धा आयोगाने २०१६ साली चौकशी केली, तेव्हा सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक याच आपोआप लागणाऱ्या दरावर होते असे आढळले. अखेर २०१९ साली सरकारी नियामकाला या दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ साली वायूचे भाव भडकले, तेव्हा तेथील दोन डझनांहून अधिक विक्रेत्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावे लागले. निवडीचा हक्क मिळाला तरी हिशेब करण्याचे कष्ट चुकत नाहीत, आणि हिशेब न करणाऱ्याकडून बाजार दंड वसूल करतो, हा या अनुभवाचा अर्थ.

आपल्याकडे मुंबईच्या उपनगरांत असा प्रयोग झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयानंतर, २००९ पासून रिलायन्सच्या ग्राहकांना त्याच तारांवरून टाटांची वीज घेता येऊ लागली आणि पुष्कळांनी ती घेतली. पुढे अशा ग्राहकांवर अधिभार लागले आणि आरंभीचा फायदा आटत गेला. तरीही हे मुंबईला शक्य झाले, कारण तेथे एका रस्त्यावर हजारो ग्राहक आहेत आणि दोन कंपन्यांना तेथे रस आहे. जाफ्राबाद तालुक्यातील एखाद्या वस्तीवर, जेथे दहा-बारा घरांसाठी काही किलोमीटर तार ओढावी लागते, तेथे दुसरा विक्रेता कशाला येईल?

मात्र जालन्यात कोणालाच निवड नाही, असे मुळीच नव्हे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळईचे कारखाने यांना ती आहे. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅटहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकाला बाहेरून वीज विकत घेण्याची वाट मोकळी केली. २०२२ च्या नियमांनी अपारंपरिक विजेसाठी ही मर्यादा शंभर किलोवॅटपर्यंत खाली आणली. २०१६ साली राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तिचा लाभ जालन्याच्या उद्योगालाही झाला. याबद्दल उद्योगांना दोष देण्याचे कारण नाही. भट्टीच्या खर्चात विजेचा वाटा मोठा असल्यामुळे कारखानदार दराचा प्रत्येक पैसा मोजतो, सल्लागार नेमतो, संघटना बांधतो आणि आयोगासमोर वकील उभा करतो. त्याला जे मिळते ते मागितल्यामुळे मिळते. घरगुती ग्राहक मागत नाही, इतकाच फरक.

मागावे असे त्याच्या बिलात आहे तरी काय? त्यासाठी बिलाची पाठची बाजू वाचावी लागते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढची चौथ्या दराने. २०२४-२५ या वर्षाचे उदाहरण घ्या. वहन आकार धरून पहिल्या टप्प्याचा दर युनिटला ५ रुपये ९० पैशांच्या आसपास होता, तर दुसऱ्या टप्प्याचा जवळजवळ साडेअकरा रुपये. म्हणजे महिन्याला १०० युनिटे जाळणाऱ्या घराला विजेपोटी सुमारे ५९० रुपये पडत आणि १५० युनिटे जाळणाऱ्या घराला सुमारे ११६० रुपये. वापर दीडपट, रक्कम जवळपास दुप्पट. त्यावर स्थिर आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे. घरी कूलर आला, मुलीच्या अभ्यासासाठी एक दिवा अधिक जळू लागला किंवा पाण्याची मोटार बसवली, की कारकुनाचे घर पहिल्या टप्प्याची मर्यादा ओलांडते. चैन म्हणून नव्हे. मराठवाड्याचा उन्हाळा चैनीची व्याख्या वेगळी करतो. ही मर्यादा १०० वरच का असावी, आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांत दुपटीचे अंतर का असावे, हे प्रश्न जालन्याच्या मध्यमवर्गाच्या अगदी खिशातले आहेत. त्यांचे उत्तर देणारी जागाही कायद्याने नेमून दिलेली आहे.

ती जागा म्हणजे दरनिश्चितीची जाहीर सुनावणी. २००३ च्या कायद्याच्या कलम ६४ नुसार वितरण कंपनीला आपल्या दरप्रस्तावाचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो आणि जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. कलम ९४ अन्वये ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. हरकत नोंदवण्यासाठी वकिलाची सनद लागत नाही. घरी मीटर असलेल्या कोणाही माणसाला उभे राहून विचारता येते, की तुमची गळती इतकी का, ही वीज या भावाने का घेतली, आणि तिचा भार माझ्या टप्प्यावर का?

या अधिकाराची किंमत कळण्यासाठी तो नव्हता तो काळ आठवावा. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य विद्युत मंडळाने दाभोळच्या प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला, तेव्हा राज्यात नियामक आयोग नव्हता आणि दराची जाहीर सुनावणीही नव्हती. करार १९९५ साली रद्द झाला, १९९६ साली नव्या अटींवर पुन्हा झाला, आणि २००१ साली दाभोळची वीज न परवडल्याने तो व्यवहार कोसळला. कराराच्या अटी सामान्य माणसापर्यंत पोहोचल्या त्या अभ्यासक, कार्यकर्ते आणि वृत्तपत्रे यांच्या धडपडीमुळे. १९९९ साली महाराष्ट्रात आयोग आला. ज्या कागदांना पूर्वी गोपनीय म्हणत, त्यांतील पुष्कळ आता आयोगाकडे दाखल होतात आणि कोणालाही पाहता येतात. एवढे मिळवायला महाराष्ट्राला मोठी किंमत मोजावी लागली आहे. ते वापरायचे नाही, असे मराठवाड्याने ठरवले आहे काय?

ठरवले नसावे, पण वाट सोपीही ठेवलेली नाही. सुनावण्या मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा मोठ्या शहरांतून होत आल्या. मंठ्याच्या शिक्षकाने त्यासाठी एक दिवसाची रजा आणि जाण्यायेण्याचे भाडे खर्चावे लागते. मूळ प्रस्ताव इंग्रजीत, शेकडो पानांचा आणि कोष्टकांनी भरलेला. वृत्तपत्रातील त्याची सूचना बारीक टायपातील, म्हणजे वाचली जाऊ नये अशीच. ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून आयोगाच्या अनेक आदेशांतून मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांची नावे आढळतात, तशीच ठाणे-बेलापूर आणि विदर्भ येथील उद्योजकांच्या संघटनांचीही. या संस्थांनी मोलाचे काम केले आहे. परंतु मराठवाड्यातील पगारदार घराचा हिशेब मांडणारी खुर्ची त्या दालनात बहुधा रिकामीच राहते, आणि रिकाम्या खुर्चीची हरकत नोंदवता येत नाही.

रिकाम्या खुर्चीचा परिणाम काय होतो, तेही एकदा दिसले आहे. मागील पाच वर्षांच्या दरांचा आदेश ३० मार्च २०२० रोजी निघाला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात. १ एप्रिलपासून नवे दर सुरू झाले, त्याच सुमारास मीटरचे वाचन थांबले आणि सरासरीची बिले निघाली. जूनमध्ये प्रत्यक्ष वापराची एकत्रित बिले आली, तेव्हा राज्यभर हलकल्लोळ झाला. रक्कम तीन महिन्यांच्या वापराची होती, काही भाग नव्या दराचा होता, आणि टप्प्यांची विभागणी कशी केली हे फारच थोड्यांना समजले. राग खरा होता, पण तो बिलाच्या खिडकीपाशी आणि रस्त्यावर निघाला. दर ठरत असताना जो प्रश्न विचारायचा, तो दर लागल्यावर विचारला, तर खिडकीमागच्या कारकुनाकडे त्याचे उत्तर नसते. तो बिचारा स्वतःही ग्राहकच असतो.

जालन्याच्या शेजारीच आणखी एक धडा आहे. औरंगाबाद शहराचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे वीजवितरण २०११ साली जीटीएल या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवण्यात आले. २०१४ साली थकबाकीच्या वादातून महावितरणने हा करार संपुष्टात आणला आणि कारभार परत घेतला. करार झाला तेव्हा ग्राहकाला कोणी विचारले नाही, संपला तेव्हाही नाही. साठ किलोमीटरवरच्या जालन्याने याची नोंद घेतली पाहिजे, कारण वीजवितरणात अनेक परवानेधारकांना वाट देण्याचा विचार पुन्हा पुढे आला आहे. त्यासाठीचे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा प्रसिद्ध केला. स्पर्धेने दर उतरतील, हा त्यामागचा युक्तिवाद पूर्णपणे खोटा नाही. पण नवा विक्रेता आधी भरघोस बिल भरणारा शहरी ग्राहक उचलील. तो गेल्यावर लांबलचक तारांचा, पांगलेल्या वस्त्यांचा खर्च उरलेल्यांवर पडेल, आणि उरलेल्यांत जालन्याची खेडी असतील. या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहून घेतल्याशिवाय स्पर्धेचे स्वागत करणे भाबडेपणाचे होईल.

दरम्यान घरगुती ग्राहकापुढे दोन छोट्या निवडी आल्या आहेत, आणि त्या डोळसपणे कराव्यात. पहिली निवड विजेच्या वेळेची. दिवसा सूर्यापासून मिळणारी वीज स्वस्त पडते, म्हणून केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून वेळेनुसार दराची वाट आखली. २०२५ च्या आदेशानंतर महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटला ८० पैसे ते १ रुपया सूट जाहीर केली. सूट स्वागतार्ह आहे. पण त्या वेळेत शिक्षक शाळेत असतो, कारकून कचेरीत आणि विद्यार्थी वर्गात. इस्त्री, धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटार ही कामे दिवसा हलवता आली, तरच काही उरेल. आणि जेथे नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे मोटार कधी सुरू करायची हे घरधनी ठरवत नसून पाणी सोडणारा ठरवतो.

दुसरी निवड छपरावरच्या सौरविजेची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिकला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरले. जालन्याच्या उन्हात एक किलोवॅटची तावदाने महिन्याला साधारण शंभरावर युनिटे देतात. ज्याचे घर तिसऱ्या टप्प्यात जाते, त्याचे भांडवल लवकर फिटते, कारण त्याची वाचणारी युनिटे सर्वांत महाग असतात. पहिल्या टप्प्यातल्या घराला तितका लाभ नाही. आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला छप्परच नाही. विक्रेता सांगेल ती बचत न मानता गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून आपल्या टप्प्याचा हिशेब करावा. जास्त वापराची घरे या मार्गाने बाहेर पडली, तर त्यांच्याकडून येणारा पैसा कोण भरून काढणार, हा प्रश्नही पुन्हा त्या सुनावणीतच उभा राहणार आहे.

येथे शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याची एक सवय पगारदार वर्गाला जडली आहे. पंपाची वीज माफ होते म्हणून आमचे बिल वाढते, असे सर्रास बोलले जाते. कायद्याचा दंडक असा, की सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल, तर तिची भरपाई सरकारने तिजोरीतून, तीही आगाऊ, केली पाहिजे. ती वेळेवर झाली का, पंपांचा वापर म्हणून दाखवलेल्या युनिटांत गळती आणि चोरी किती दडली आहे, हे विचारणे योग्य. जालना जिल्ह्यात कारकुनाचा भाऊ बहुधा शेतकरी असतो, त्यांना एकमेकांसमोर उभे करून कोणाचाच हिशेब सुटत नाही.

तेव्हा करायचे काय? आयोगाने दरनिश्चितीची सुनावणी प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यावी. प्रस्तावाचा मराठी गोषवारा ७५, १५० आणि ३०० युनिटे वापरणाऱ्या घरांच्या जुन्या व नव्या बिलांची तुलना देऊन छापावा. मराठवाड्यातील घरगुती ग्राहकांचा अधिकृत प्रतिनिधी नेमावा. मंजूर झालेला दर फेरविचारात बदलणार असेल, तर ज्यांनी मूळ हरकती नोंदवल्या, त्यांना पुन्हा ऐकावे. या मागण्यांना नवा कायदा लागत नाही. परंतु त्या आपोआप मान्यही होणार नाहीत.

शिक्षकांना कोष्टक वाचता येते, कारकुनांना टिपण लिहिता येते आणि विद्यार्थ्यांना आकडेमोड करता येते. वीजदराच्या प्रस्तावात याहून अवघड असे काही नसते. महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या वर्गाने एक सत्र या प्रस्तावावर घालवले, शिक्षक आणि कर्मचारी संघटनांनी वेतन आयोगाच्या निवेदनाला लावतात तेवढी चिकाटी या एका हरकतीला लावली, तरी पुढच्या सुनावणीत जालन्याचे नाव नोंदीवर येईल. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली उभी राहिली, तीही घरखर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसांच्या बळावरच. पाच वर्षांचा नवा दरकाळ ३१ मार्च २०३० रोजी संपेल, आणि मध्येच आढावेही होतील. पुढची सूचना वृत्तपत्रात बारीक टायपातच येणार आहे. ती कापून ठेवणारी शंभर घरे जिल्ह्यात निघाली, तर ती खुर्ची फार काळ रिकामी राहणार नाही.